नांगराची साखळी: आधी किती, मग कुठे

इंदूरच्या एका गृहस्थांनी विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर आहे. त्यांनी गोव्यात मांडवीत उभी असलेली २९ फुटी जुनी शिडाची बोट घेतली आहे, वजन साडेतीन टनांच्या आसपास. आधीच्या मालकाने नाळेतल्या, म्हणजे बोटीच्या अगदी पुढच्या टोकातल्या, लॉकरमध्ये १० मिमीची ६० मीटर साखळी भरून ठेवली आहे. बोट पुढून दबलेली दिसते, समोरची लाट आली की नाक आपटून जागच्या जागी थबकते, आणि नांगर वर घेताना साखळी विंडलासच्या, म्हणजे ती ओढून घेणाऱ्या यंत्राच्या, खालीच ढीग करून अडकते. त्यांचा प्रश्न असा: ही साखळी मध्यावर, डोलकाठीच्या पायाशी हलवावी का, आणि हलवायची तर कशी?

मी बडोद्याचा. आयुष्याची मधली वर्षं व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली. नंतरची चौदा वर्षं स्वतःच्या ३१ फुटी बोटीवर मुंबई ते कारवार असं पुष्कळ फिरलो, आणि दोनदा खंभातच्या आखातातही गेलो. साखळीची जागा मी त्या बोटीवर तीन वेळा बदलली. पहिले दोन्ही प्रयत्न फसले, म्हणून या विषयावर थोडं लांबण लावून लिहितो.

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. एक, पुढे वजन फार आहे. दोन, साखळी नीट पडत नाही आणि नीट निघत नाही. तीन, मुळात एवढी साखळी तुम्हाला लागते का. विचारलाय तुम्ही पहिला, त्रास होतोय दुसऱ्याचा, पण सुरुवात तिसऱ्यापासून करायला हवी. कारण साखळी कितीची आणि किती लांब हे ठरलं नाही, तर जागा हलवण्याचा सगळा खटाटोप चुकीच्या वजनासाठी होतो. माझा पहिला प्रयत्न नेमका असाच फसला होता.

काही गोष्टी तुमच्या बोटीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. विंडलास नेमका कुठे बसवला आहे, पुढच्या बर्थखाली पाण्याची टाकी आहे की मोकळी जागा, लॉकरचा तळ पाण्याच्या रेषेच्या वर आहे की खाली, आणि तुम्ही फक्त गोवा-मालवण करणार की उत्तरेला जाणार. जिथे यांपैकी काही आड येईल तिथे तसं सांगतो.

आधी वजनाचा हिशेब. १० मिमीची साखळी मीटरला साधारण सव्वादोन किलो भरते. ६० मीटर म्हणजे १३५ किलो. तुमच्या बोटीचा मध्य आणि नाळेतला लॉकर यांत साधारण ४ मीटर अंतर असणार. म्हणजे दोन धट्टीकट्टी माणसं कायम पुढच्या टोकावर उभी आहेत, रात्री झोपतानाही. नाक खाली जाणारच. पण नाक दबणं हा त्यातला कमी त्रासाचा भाग. पाण्याची टाकी मागे हलवून, जड सामान मागच्या लॉकरमध्ये ठेवून बोट पुन्हा सपाट दिसेल अशी करता येते, आणि बरेच जण तेच करतात. मीही केलं होतं. बोट दिसायला सरळ झाली, चालायला आणखी वाईट झाली.

हे का होतं ते कळायला कमाटीबागेतली लहान मुलांची वरखाली होणारी फळी डोळ्यांपुढे आणा. दोन मुलं दोन टोकांना बसली की फळी तोलात असते, पण एकदा हलायला लागली की तिला थांबवणं जड जातं. तीच मुलं मध्याजवळ सरकून बसली तर तोल तोच राहतो, आणि फळी मात्र बोटाने हलवावी तशी हलते, तशीच चटकन थांबते. बोटीचंही असंच. लाटेवर नाक वर जाणं-खाली येणं हे वजन गुणिले अंतराच्या वर्गावर चालतं. १३५ किलो ४ मीटरवर, म्हणजे १३५ गुणिले १६, २१६०. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल. मागच्या टोकाला तेवढंच वजन टाकून तुम्ही तोल साधता, पण हा आकडा दुप्पट करता. मग नाक लाटेवर वेळेत उठत नाही, पुढची लाट डेकवर येते, आणि आपल्या किनाऱ्यावर दुपारनंतर वायव्येचा वारा तोंडावर घेऊन उत्तरेला जायचं असेल तर एकेक मैल जीव काढतो.

आता लांबी. लांबी ठरवते ती खोली, आणि खोली ठरवते भरती. गोव्यात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीचा फरक दोनेक मीटर. ओहोटीला ४ मीटर पाण्यात नांगर टाकला तर भरतीला ६ मीटर होतील, त्यात नाळेच्या रोलरची, म्हणजे साखळी जिच्यावरून बाहेर जाते त्या चाकाची, पाण्यापासूनची उंची एक-सव्वा मीटर धरा. सात मीटर झाले. शांत रात्री त्याच्या पाचपट साखळी सोडली तर ३५ मीटर पुरतात, वारा चढला तर सातपट, म्हणजे ५० मीटरच्या आसपास. मुंबईत उधाणाला हाच फरक चार-साडेचार मीटरवर जातो. आणि आमच्या बाजूला खंभातच्या आखातात तो दहा मीटरच्या वर जातो. बडोद्याचे लोक कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाच्या दर्शनाला जातात, तेव्हा भरतीला शिवलिंग पाण्याखाली जाऊन ओहोटीला परत दिसतं ते श्रद्धेने पाहतात. मी तिथे गेलो की पुरुषभर उंचीचं पाणी काही तासांत कसं येतं-जातं ते पाहत उभा राहतो. त्या पाण्यात ओहोटीला ४ मीटरवर नांगर टाकलात तर भरतीला १४ मीटर खोली होते. रोलरची उंची धरून १५, पाचपट म्हणजे ७५ मीटर. तेही अगदी कमीत कमी, कारण तिथे प्रवाह वाऱ्यापेक्षा जास्त ओढतो.

म्हणून गोवा-मालवण करणाऱ्याने आखाताच्या तयारीची साखळी बारा महिने नाकात वाहणं मला पटत नाही. आणि आखातात जाणाऱ्यालाही पूर्ण लांबी साखळीचीच हवी असं नाही. माझ्या बोटीवर शेवटी जे टिकलं ते असं: ८ मिमीची ४० मीटर साखळी, आणि तिच्या मागे गुंफून जोडलेला १४ मिमी नायलॉनचा ४० मीटर दोर. एकूण ८० मीटर. साखळी ५६ किलो, दोर पाचेक किलो. रोजच्या नांगरणीत दोर बाहेर येतच नाही, फक्त साखळी काम करते. दोर त्या एखाद्या खोल किंवा वादळी रात्रीसाठी.

इथे तुम्ही म्हणाल, १० मिमीवरून ८ मिमीवर उतरणं धोक्याचं नाही का? ही भीती मलाही होती. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचा एक तक्ता जगभर वापरला जातो. त्याप्रमाणे ३० फुटी बोटीवर ३० नॉट, म्हणजे तासाला ३० सागरी मैल, वाऱ्यात नांगराच्या साखळीवर साधारण ३२० किलोची ओढ धरतात, आणि ४२ नॉटला साधारण ६३५ किलोची. ८ मिमीच्या चांगल्या ग्रेड ३० साखळीचा सुरक्षित कामाचा भार ८०० किलो असतो आणि तुटण्याचा त्याच्या चौपट. म्हणजे ताकदीत ती कमी पडत नाही. राहिला झोलाचा, म्हणजे साखळी स्वतःच्या वजनाने पाण्यात खाली लोंबते त्याचा, मुद्दा. जड साखळीचा झोल झटके गिळतो, ही समजूत हलक्या वाऱ्यात खरी आहे. वारा चढला की झोल ताणून सरळ होतो, आणि मग साखळी कितीही जड असली तरी झटका थेट नांगराला आणि नाळेतल्या फिटिंगला बसतो. तेव्हा झटका गिळायला नायलॉनचा स्नबर लागतो, १२ मिमीचा सहा-आठ मीटर लांब, साखळीला हुकने अडकवून डेकवरच्या मजबूत क्लीटला, म्हणजे दोर बांधायच्या खुंटीला, बांधलेला. साखळीतले वाचलेले ७५-८० किलो तसेच पुन्हा पुढे टाकू नका, पण त्यातले चार-पाच किलो नांगरात घाला. १० किलोचा नांगर असेल तर १५ किलोचा घ्या. नाळेत वाहिलेलं वजन नांगराच्या रूपात असेल तर ते तळाला धरून ठेवतं, साखळीच्या रूपात बहुतेक वेळ लॉकरमध्ये पडून राहतं.

एक खर्च मात्र विसरू नका. साखळी बदलली की विंडलासची जिप्सी, म्हणजे साखळीच्या कड्या पकडणारं खाचांचं चाक, बदलावं लागतं. बहुतेक विंडलासना ते बदलता येतं. साखळी शॉर्ट लिंक आणि कॅलिब्रेटेडच, म्हणजे आखूड आणि नेमक्या मापाच्या कड्यांचीच, हवी. हार्डवेअरच्या दुकानातली लांब कडीची साखळी खाचेत बसत नाही, उडी मारते. अलंगला जुनी जहाजं तोडतात, तिथल्या रस्त्यावरच्या वखारींमध्ये जहाजांवरून उतरलेला माल स्वस्तात मिळतो, मीही तिथून कितीतरी शॅकल, म्हणजे साखळी जोडायच्या पिनेच्या कड्या, आणले. पण साखळी तिथून घेताना जपा. काळी दिसणारी ग्रेड ८० ची साखळी वजन उचलण्यासाठी असते. तिच्या पोलादाला पाणी दिलेलं असतं, आणि जस्ताचा मुलामा द्यायला ती आधी आम्लात आणि मग साडेचारशे अंशांच्या रसात बुडवली की तिच्या ताकदीचा भरवसा राहत नाही.

आता येतो तुमच्या मूळ प्रश्नावर, हलवावी का.

डोलकाठीच्या पायाशी नेणं हे कागदावर सर्वांत चांगलं. वजन मध्यावर, खाली, कीलच्या, म्हणजे बोटीच्या तळाच्या कण्याच्या, जवळ. पण विंडलास नाळेवर असेल आणि साखळी तिथून नळीतून मागे न्यायची असेल, तर २९ फुटी बोटीत ते साधत नाही, आणि कारण साधं आहे: उतार मिळत नाही. साखळी स्वतःच्या वजनाने घसरत लॉकरमध्ये गेली पाहिजे. कुणीतरी खाली बसून ओढायची व्यवस्था म्हणजे व्यवस्था नव्हे, कारण नांगर उचलायची वेळ बहुधा अशी असते की खालच्या माणसाला वर सुकाणूवर असावं लागतं.

किती उतार लागतो हे मी घरीच तपासलं होतं. दांडियाबाजारातल्या आमच्या घराच्या अंगणात ११० मिमीची पीव्हीसीची नळी गच्चीच्या कठड्याला टेकवून उभी केली आणि वरून आठ मीटर साखळी सोडून पाहिली. तीस अंशांच्या उतारावर कोरडी साखळी कशीबशी सरकली. मग ती बागेतल्या चिखलात लोळवून पुन्हा सोडली, कारण खाडीतून वर येणारी साखळी कधीच कोरडी नसते. ती नळीतच थांबली. पंचेचाळीस अंशांवर चिखलासकट गेली, पण मधेच एकदा थबकून. साठ अंशांवर खडखडत सरळ खाली. हा प्रयोग तुम्हीही करा, इंदुरात एक जिना आणि प्लंबरकडची नळी एवढंच लागेल. नळी आतून गुळगुळीत हवी आणि तिला एकही वाक नको. मी दुसऱ्या प्रयत्नात एक सौम्य वाक दिला होता. साखळी प्रत्येक वेळी तिथेच अडायची.

पंचेचाळीस अंशांचा अर्थ असा की जितकं खाली उतराल तितकंच मागे जाता येतं. तुमच्या बोटीत विंडलासपासून पुढच्या बर्थखालच्या तळापर्यंत सव्वा मीटर उंची असेल, तर साखळी जास्तीत जास्त मीटरभर मागे नेता येईल. दीड मीटर नेलीत तर उतार चाळीस अंशांच्या खाली जातो आणि चिखलाची साखळी अडते. मीटरभर ऐकायला थोडं वाटतं. पण आता मघाचा आकडा काढा. ५६ किलो ३ मीटरवर, म्हणजे ५६ गुणिले ९, ५०४. सुरुवातीला होते २१६०. चौथाई राहिला नाही. यातला मोठा वाटा साखळी कमी केल्याचा आहे, जागा बदलल्याचा लहान. साखळी जागीच ठेवून नुसती ८ मिमी, ४० मीटर केलीत तरी आकडा ८९६ वर येतो. म्हणूनच म्हटलं, आधी किती, मग कुठे. कदाचित साखळी बदलून एक मोसम चालवल्यावर तुम्हाला हलवण्याची गरजच वाटणार नाही.

डोलकाठीपाशीच न्यायची असेल तर विंडलास मागे न्यावा लागतो. साखळी रोलरवरून डेकवरून मागे येते आणि विंडलासखाली सरळ पडते. मोठ्या बोटींवर हे चांगलं चालतं. २९ फुटीवर पुढच्या डेकवर साखळी उघडी पडते, पुढच्या खिडकीची जागा जाते, विंडलासच्या ओढीसाठी डेकखाली नवा आधार बांधावा लागतो, आणि केबिनच्या मधोमध चिखलाच्या वासाची पेटी येते. माझा सल्ला नाही. मात्र कुणी आखातासाठी जास्तीची २० मीटर साखळी बाळगत असेल तर ती २८ किलोची साखळी कॅनव्हासच्या दोन पिशव्यांत डोलकाठीच्या पायाशी बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या अगदी तळातल्या पोकळीत, बांधून ठेवावी. ती रोज लागत नाही, म्हणून नळीचा प्रश्नच नाही.

आता ढिगाबद्दल. माझ्या मते नांगराच्या साखळीतला जीव घेणारा भाग वजन नसून हा ढीग आहे.

साखळी एकाच जागी पडते म्हणून तिचा शंकू होतो, धान्याच्या राशीसारखा. शंकूचं टोक विंडलासपर्यंत पोचलं की साखळी वर तुंबते. हे निदान समोर दिसतं. न दिसणारा धोका नंतरचा आहे. बोट लाटेत हेलकावली की तो शंकू कोसळतो, आणि वरच्या कड्या खालच्या कड्यांच्या खाली जातात. पुढच्या वेळी नांगर सोडलात की साखळी चार-सहा मीटर धावते आणि आपल्याच वेटोळ्यात आवळून थांबते.

मालवणहून विजयदुर्गला येताना दिवसभर समोरचा वारा होता. संध्याकाळी वाघोटन नदीच्या मुखात शिरलो, अंधार पडत आलेला, आत मासेमारीच्या ट्रॉलरांची दाटी. नांगर सोडला. सहा-सात मीटर साखळी गेली आणि थांबली. नांगर तळाला टेकलाही नव्हता, आणि ओहोटीचा ओढा आम्हाला ट्रॉलरांच्या रांगेवर नेत होता. सुकाणूवर मेहुणा होता. मी आत धावलो, लॉकरचं झाकण उघडलं, आणि हाताला लागल्या त्या कड्या उपसू लागलो. आवळलेलं वेटोळं सुटलं तेव्हा साखळी माझ्या हाताजवळून सुसाट गेली. बोटं राहिली ती नशिबाने. इंजिन चालू होतं आणि मेहुण्याने ते योग्य वेळी उलटं टाकलं, म्हणून बोटही राहिली. त्या रात्रीपासून मी कुठलाही लॉकर पाहिला की आधी विचारतो, दिवसभर आपटल्यानंतर, अंधारात, यातून साखळी एका दमात बाहेर जाईल का?

त्यासाठी लॉकर खोल आणि अरुंद हवा, उथळ आणि पसरट नको. अरुंद जागेत शंकूला कोसळायला वावच राहत नाही. सगळी साखळी आत गेल्यावर ढिगाच्या टोकापासून विंडलासखालच्या नळीपर्यंत किमान ३० सेंमी पोकळी राहिली पाहिजे, कारण खाली लोंबणाऱ्या साखळीच्या वजनानेच पुढची कडी जिप्सीवरून सुटते. जागेचा अंदाज घ्यायला जहाजांवरचा एक हिशेब आहे: साखळीच्या जाडीचा मिमीतला वर्ग, गुणिले मीटरमधली लांबी, गुणिले १.१, भागिले १००. उत्तर लिटरमध्ये. ८ मिमीच्या ४० मीटरला २८ लिटर येतात, म्हणजे वीस लिटरची एक बादली आणि वर अर्धी. तुमच्या आत्ताच्या साखळीला ६६ लिटर लागतात. पण हा आकडा सपाट बसलेल्या साखळीचा. ढीग आणि वरची पोकळी धरून दुप्पट जागा ठेवा, आणि दोरासाठी वीसेक लिटर वेगळे.

साखळी सोडण्याआधी लॉकरमध्ये हात घालून वरचा ढीग मोकळा करणं ही मी सवयच लावून घेतली. बंदराच्या तोंडाशी पोचलो की इंजिन चालू करायचं, मग पुढे जाऊन दहा मीटर साखळी उपसून डेकवर नागमोडी पसरायची. पाच मिनिटं लागतात. ढीग पसरवायला काही जण लॉकरच्या तळाला मधोमध रस्त्यावर ठेवतात तसला प्लॅस्टिकचा शंकू टोक वर ठेवून बसवतात, त्यावरून साखळी बाजूला घसरते. पसरट लॉकर असलेल्यांना त्याचा उपयोग होतो. माझ्या अरुंद लॉकरमध्ये त्याची गरज पडली नाही.

लॉकरच्या बांधणीबद्दल थोडक्यात सांगतो. तळाला जाड रबरी चटई, तिच्यावर जाळी, आणि जाळीखाली निचऱ्याचं भोक. लॉकरचा तळ पाण्याच्या रेषेच्या वर असेल तर भोक सरळ बाहेर काढा. बर्थखाली गेलात तर तळ बहुधा रेषेच्या खाली येईल. तेव्हा पाणी मोठ्या बिल्जमध्ये सोडू नका, लॉकरखालीच लहान कुंडी करून तिला हातपंप लावा. आपल्या किनाऱ्याचा तळ गाळाचा आहे. हा गाळ निचऱ्याच्या भोकात बसतो, वाळतो, आणि मग लॉकर अर्धा भरून तुम्ही साखळीसोबत गाळही वाहत राहता. साखळी रोलरवर असतानाच बादलीने आणि कुंच्याने धुऊन आत घ्या. मी बडोद्यात मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एचडीपीई या जाड प्लॅस्टिकचा डबा वेल्ड करून घेतला होता, वर रुंद, खाली निमुळता. स्टेनलेस किंवा ॲल्युमिनियमचा डबा करू नका. जस्ताची ओली साखळी त्यांना टेकून राहिली की एक धातू दुसऱ्याला खातो.

डब्याला झाकण हवं आणि झाकणाला पक्का पट्टा. बोट आडवी पडली तर ५६ किलो साखळी केबिनमधून उडता कामा नये. डबा आणि बर्थची लाकडं यांच्यावर विसंबू नका. त्याखाली बोटीच्या सांगाड्याला चिकटवलेले दोन आडवे टेकू द्या, कारण लाटेवर आपटताना साखळी तिच्या वजनाच्या कितीतरी पट जोर लावते.

साखळी मागे आणताना एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, माझ्याही आली नव्हती. ऑटोपायलटचा होकायंत्राचा सेन्सर बऱ्याच बोटींत पुढच्या बर्थखाली किंवा डोलकाठीजवळ बसवलेला असतो. पन्नास किलो लोखंड त्याच्या शेजारी आलं की तो चुकतो, आणि साखळी बाहेर गेली की वेगळा चुकतो. ही चूक कॅलिब्रेशनने जात नाही, कारण ती प्रत्येक नांगराला बदलते. सेन्सर आणि साखळी यांत किमान दीड मीटर अंतर ठेवा, नाहीतर सेन्सर हलवा.

आणि साखळीचं शेवटचं टोक. आधीच्या मालकाने ते शॅकलने आत घट्ट बसवलं असेल तर आजच काढा. एखाद्या रात्री नांगर सोडून देऊन पळावं लागतं, आणि ताणलेल्या साखळीचा गंजलेला शॅकल अंधारात उघडत नाही. तुमच्या बाबतीत शेवटी दोर असेल, तर दोराचं टोक लॉकरच्या मजबूत कडीला बांधा, पण एवढं लांब की तो पूर्ण बाहेर आल्यावर डेकवरून सुरीने कापता येईल. कापण्याआधी दोराला फेंडर, म्हणजे बोटीच्या कडेला लावतात तो तरंगणारा फुगा, बांधून ठेवलात तर दुसऱ्या दिवशी नांगर परत मिळतो. दर दहा मीटरवर साखळीला रंगाची खूण करा, मोजायला ती कायम उपयोगी पडते. आणि पावसाळ्यात बोट वर काढता तेव्हा साखळी पूर्ण बाहेर काढून गोड्या पाण्याने धुऊन टोकं उलटी करा, म्हणजे घासलेला भाग मागे जातो आणि जस्त दोन्हीकडे सारखं झिजतं.

कामाचा क्रम असा लावा. या मोसमात फक्त साखळी ८ मिमीची करा आणि जिप्सी बदला, शेवटचं टोक दोराचं करा, लॉकर गाळ काढून स्वच्छ करा, मग बोट चालवून पाहा. बर्थखालच्या डब्याचं काम पावसाळ्यात, बोट वर असताना, आणि नारळी पौर्णिमेच्या आत पुरं होईल असं धरा.

तोवर मला दोन मापं कळवा. विंडलासखाली नळीच्या तोंडापासून लॉकरच्या तळापर्यंत सरळ किती उंची आहे, आणि बर्थखालच्या मोकळ्या जागेचा पुढचा कोपरा त्या नळीपासून आडवा किती मागे आहे. उंची ६० सेंमीपेक्षा कमी भरली तर ८ मिमीची साखळीही तिथे तुंबेल, आणि मग मी सांगितलेला क्रम बदलावा लागेल, डबा आधी करावा लागेल. आडवं अंतर उंचीपेक्षा जास्त निघालं तर नळीचं काम कुणालाही देऊ नका. तेव्हा विंडलास २०-३० सेंमी मागे सरकवण्याला डेकखाली जागा आहे का ते आपण आधी पाहू.